भाड्याच्या खोलींतील वखार

घर नसलेल्या माणसानें वखार घालावी, हें ऐकावयास विचित्र वाटतें. परंतु इंटरनेटच्या जगांत गेल्या तीस वर्षांत असंख्य माणसांनीं तसें केलें आहे. यंत्र दुसऱ्याचें, इमारत दुसऱ्याची, वीज आणि तारही दुसऱ्याची. त्या यंत्राच्या पोटांतील एक लहानशी जागा दरमहा थोडें भाडें भरून आपली म्हणावयाची आणि तींत आपला माल मांडावयाचा. हा माल म्हणजे स्वतः लिहिलेला एखादा प्रोग्रॅम, अक्षरशः उतरून काढलेली जुनी पोथी, गाण्याचें मुद्रण, घरच्या मंगलकार्याचीं छायाचित्रें, असा कांहींही असूं शकतो. ज्याला हवा असेल त्यानें तो आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा. यालाच डाऊनलोड म्हणतात. मागेल त्याला फाइल काढून देणारें यंत्र तें सर्व्हर, आणि असें यंत्र किंवा त्याचा तुकडा भाड्यानें देण्याचा धंदा तें होस्टिंग.

एवढ्या स्वस्ताईनें सामान्य माणसाला साऱ्या जगापुढें दुकान मांडतां आलें, ही या इतिहासाची एक बाजू. दुसरी बाजू अशी कीं, परक्याच्या जागेंत ठेवलेला माल मालकाच्या मर्जीनें, सरकारी जप्तीनें किंवा एखाद्या आगीनें एका रात्रींत नाहींसा होऊं शकतो. अशा वखारींतून काय टिकलें, काय गेलें, आणि जें टिकलें तें कशाच्या बळावर टिकलें, हें पाहावयाचें तर प्रथम जेथें भाडें नव्हतें त्या काळाकडे वळलें पाहिजे.

या इतिहासाचें पहिलें पान एका भारतीयाच्या हातचें आहे. अलाहाबादेस जन्मलेले आणि कानपूरच्या आय. आय. टी.च्या पहिल्या तुकडींतून १९६५ सालीं पदवीधर झालेले अभय भूषण हे पुढें अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत गेले. तेथें १६ एप्रिल १९७१ रोजीं त्यांनीं एक टिपण प्रसिद्ध केलें. 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स' या टिपणमालेंतील त्याचा अनुक्रमांक ११४ होता. त्यापूर्वी दोन वर्षें, म्हणजे १९६९ सालीं, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या खर्चानें चार संस्थांचे संगणक तारेनें जोडण्यांत आले होते. परंतु जोडलेले संगणक एकमेकांची रीत जाणत नव्हते. एकाची अक्षरें सांठविण्याची पद्धति निराळी, दुसऱ्याची फाइलींस नांवें देण्याची पद्धति निराळी. एका यंत्रावरील लेख दुसऱ्यावर न्यावयाचा तर प्रत्येक जोडीसाठीं नवा दुभाष्या हवा. भूषण यांनीं सर्वांस समान अशा मोजक्या आज्ञा सुचविल्या: मी अमुक आहें, अमुक फाइल दे, अमुक फाइल घे, कोणकोणत्या फाइली आहेत त्यांची यादी दाखीव. हीच 'फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल' किंवा एफ. टी. पी. या पद्धतीची सुरुवात होय. पुढें तींत अनेकांनीं सुधारणा केल्या आणि ऑक्टोबर १९८५ मध्यें जॉन पोस्टेल व जॉइस रेनल्ड्स यांनीं तिला जें रूप दिलें तेंच मुख्यतः कायम राहिलें.

या पद्धतींत दारावर नांव आणि परवलीचा शब्द विचारला जाई. ज्याचें त्या यंत्रावर खातें नाहीं त्याला दार बंद. विद्यापीठांतील यंत्रचालकांनीं यांतून एक उदार वाट काढली. 'ॲनॉनिमस', म्हणजे निनांवी, एवढेंच नांव सांगून कोणीही आंत यावें. परवलीच्या शब्दाच्या जागीं शिष्टाचार म्हणून आपला ई-मेलचा पत्ता लिहावा. आणि ओसरीवर जें मांडून ठेवलें असेल तें खुशाल घेऊन जावें. माजघरांत मात्र शिरूं नये. अनेक ठिकाणीं अशीही विनंति असे कीं, पाहुण्यांनीं कामाच्या वेळीं गर्दी न करतां रात्रीं किंवा सुट्टीच्या दिवशीं यावें. कारण तीच तार दिवसा विद्यापीठाच्या कामासाठीं लागे. यांत पैशाची देवघेव नव्हती. यजमान आणि पाहुणा एवढेंच नातें होतें.

पण ओसरीवर वस्तु मांडावयाची असेल, तर यजमानाची ओळख असावी लागे. याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फिनलंडमधील आहे. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें संगणकाच्या कारभार-प्रणालीचा गाभा लिहिला. तो जगास द्यावा अशी त्याची इच्छा होती, परंतु त्याच्याजवळ स्वतःचें कोठार कोठलें? फिनलंडच्या विद्यापीठांच्या जाळ्यावर एफ. टी. पी.चा एक मोठा सांठा होता. तेथील एक व्यवस्थापक आरी लेम्के यांनीं सप्टेंबरमध्यें त्याला एक कोपरा दिला. टोरवाल्ड्सच्या मनांत 'फ्रीक्स' हें नांव होतें. लेम्के यांना तें आवडलें नाहीं म्हणून त्यांनीं कोपऱ्यावर 'लिनक्स' असें लिहिलें. जगांतील बहुसंख्य सर्व्हर आज ज्या प्रणालीवर चालतात, तिचें बारसें अशा रीतीनें पाहुण्याच्या नव्हे, तर यजमानाच्या पसंतीनें झालें.

यजमानाची मर्जी जोंवर आहे तोंवर कोपरा आहे, हें त्याच काळांत दुसऱ्या एका ठिकाणीं दिसून आलें. न्यू मेक्सिको प्रांतांतील व्हाइट सँड्स या ज्या लष्करी क्षेत्रांत १९४५ सालीं पहिल्या अणुबाँबची चांचणी झाली, त्याच क्षेत्रांतील एका संगणकावर 'सिमटेल' नांवाचा सांठा होता. लहान संगणकांसाठीं लोकांनीं हौसेनें लिहिलेले आणि फुकट वांटलेले हजारों प्रोग्रॅम त्यांत होते. कीथ पीटरसन हे त्याची निगा राखीत. १९९३ सालीं लष्करानें तें यंत्र बंद केलें. सांठा लष्कराचा नव्हता, यंत्र लष्कराचें होतें. मालकानें खोली रिकामी करून घेतली एवढेंच. तरी सिमटेल बुडाला नाहीं. मिशिगनमधील ओकलंड विद्यापीठ आणि सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठ यांसारख्या ठिकाणीं त्याच्या हुबेहूब प्रती आधींच ठेवलेल्या होत्या. अशा प्रतीस 'मिरर', म्हणजे आरसा, म्हणतात. शिवाय कॅलिफोर्नियांतील वॉलनट क्रीक नांवाची कंपनी १९९१ पासून तो सांठा तबकडीवर भरून विकीत होती. मूळ यंत्र गेलें तरी आरसे शिल्लक होते, आणि निरनिराळ्या मालकांच्या हाताखालीं हा सांठा पुढें २०१३ पर्यंत चालूं राहिला.

१९९५ च्या एप्रिलमध्यें अमेरिकन सरकारच्या पैशानें चालणारा इंटरनेटचा मुख्य कणा बंद झाला आणि सारी वाहतूक खासगी कंपन्यांच्या तारांवर आली. टिम बर्नर्स-ली यांचें वेब तोंपर्यंत सर्वतोमुखीं झालें होतें. जिनीव्हाच्या सर्न या संस्थेनें ३० एप्रिल १९९३ रोजींच तें सर्वांस विनामूल्य वापरण्यास मोकळें केलें होतें. आतां जो तो स्वतःचें पान मागूं लागला. यजमान आणि पाहुणा हें नातें मागें पडून मालक आणि भाडेकरू हें नातें पुढें आलें तें याच वेळीं.

परंतु स्वस्त भाड्यास एक अडचण आडवी आली. प्रारंभीच्या वेबमध्यें फाइल मागणारा संगणक सर्व्हरला फक्त फाइलीचें नांव सांगे. कोणत्या संकेतस्थळाची फाइल हें सांगत नसे. त्यामुळें दर संकेतस्थळास अंकांत लिहिलेला स्वतंत्र पत्ता लागे, आणि असे पत्ते मर्यादित होते. एखाद्या चाळींतील प्रत्येक खोलीला रस्त्यावर स्वतंत्र दरवाजा काढावा लागला, तर चाळ बांधणें कोणासच परवडणार नाहीं. तशांतलाच हा प्रकार. जानेवारी १९९७ मध्यें वेबच्या नियमांची १.१ ही आवृत्ति टिपण क्रमांक २०६८ म्हणून प्रसिद्ध झाली. तींत एक साधी सक्ति होती: प्रत्येक मागणीबरोबर 'होस्ट' म्हणून संकेतस्थळाचें नांवही लिहिलेंच पाहिजे. कांहीं ब्राउझर हें आधींपासून करीत होते; आतां तो नियम झाला. पत्रावर इमारतीच्या पत्त्याबरोबर बिऱ्हाडकरूचें नांव आलें म्हणजे पोस्टमन एकाच जिन्यानें शंभर बिऱ्हाडांचीं पत्रें वांटूं शकतो. एका ओळीच्या या नियमानें एका यंत्रावर शेंकडों भाडेकरू ठेवणें शक्य झालें. 'शेअर्ड होस्टिंग' या नांवानें ओळखला जाणारा धंदा म्हणजे यंत्रांतील चाळच होय.

चाळ बांधण्याचें सामानही याच सुमारास फुकट मिळूं लागलें. लिनक्स होतेंच. मागेल त्याला पान देणारा 'अपाचे' हा प्रोग्रॅम १९९५ सालचा. रास्मस लेरडॉर्फ यांची 'पीएचपी' ही भाषा जून १९९५ ची. नोंदी ठेवणारा 'मायएसक्यूएल' हाही त्याच वर्षीचा. भाडेकरूला तांत्रिक ज्ञानावांचून आपल्या खोलीची व्यवस्था लावतां यावी म्हणून 'सीपॅनेल' नांवाचा कारभार-फलक १९९६ सालीं आला. यंत्राची किंमत आणि तारेचें भाडें शेंकडों बिऱ्हाडांत वांटलें जाऊन दरडोई खर्च अगदीं थोडा होऊं लागला. ज्याला तेंही नको, त्याच्यासाठीं १९९४ सालीं निघालेली 'जिओसिटीज' फुकट खोली देत होती. भाडें म्हणून फक्त भिंतीवर जाहिराती लावून घ्याव्या लागत.

स्पर्धा वाढली तेव्हां मालक 'अमर्याद जागा, अमर्याद वाहतूक' अशा पाट्या लावूं लागले. या अमर्यादपणाचें गणित शाळकरी मुलासही सोडवितां येईल. भाडेकरूनें दहा मेगाबाइटची एक फाइल वखारींत ठेवली आणि एका दिवसांत एक हजार लोकांनीं ती उतरवून घेतली, असें समजा. एकूण वाहतूक दहा हजार मेगाबाइट, म्हणजे ऐंशीं हजार मेगाबिट. यंत्राची तार सेकंदाला शंभर मेगाबिट वाहून नेत असेल, तर आठशें सेकंद, म्हणजे तेरा मिनिटें वीस सेकंद, सगळ्या चाळीचा नळ एकाच बिऱ्हाडाकडे सुटला. फाइल दहा मेगाबाइटच्या जागीं सातशें मेगाबाइटची असेल, तर हाच आंकडा पंधरा तासांवर जातो. मालकाचा हिशेब असा असे कीं, बहुतेक भाडेकरू खोली घेतील, दोन पानें मांडतील आणि पुन्हां फिरकणार नाहींत. हा हिशेब बहुधा बरोबर येई. वखार घालणारा भाडेकरू मात्र त्यांत बसत नसे. म्हणून कराराच्या बारीक अक्षरांत अनेक मालक लिहून ठेवीत कीं, जागा संकेतस्थळासाठीं आहे, नुसत्या फाइली सांठविण्यासाठीं नाहीं. पाटी मोठ्या अक्षरांत आणि अट लहान अक्षरांत, हा व्यापाराचा जुनाच रिवाज येथेंही चालूं राहिला.

याच्या उलट टोकाचा मार्ग ॲमेझॉन कंपनीनें १४ मार्च २००६ रोजीं दाखविला. 'एस-३' नांवाच्या तिच्या सेवेंत अमर्याद असें कांहीं नव्हतें. दर गिगाबाइट सांठ्यास महिना १५ सेंट आणि दर गिगाबाइट वाहतुकीस २० सेंट असा नळाला मीटर बसविलेला होता. वरच्या उदाहरणांतील दहा गिगाबाइटची वाहतूक तेथें दोन डॉलर पडली असती. पाटी खरी होती, परंतु वखार लोकप्रिय झाली कीं मालधन्याचाच जीव घाबरा व्हावा, अशी ही व्यवस्था होती.

भारतांत हा प्रश्न निराळ्या वळणानें आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सामान्य ग्राहकांस खुलें केलें. टेलिफोनच्या तारेवरून मोडेमनें तें घरांत येई आणि तोंपर्यंत घरचा टेलिफोन अडकून पडे. ऑक्टोबर २००४ मध्यें भारत सरकारनें ब्रॉडबँडचें धोरण जाहीर केलें आणि सेकंदाला किमान २५६ किलोबिट अशी त्या शब्दाची व्याख्या ठरविली. पुढील वर्षी भारत संचार निगमाची सेवा सुरूं झाली. दिवसा मर्यादेपलीकडे उतरविलेल्या मालाचे मोजून पैसे पडत. परंतु एका लोकप्रिय योजनेंत रात्रीं दोनपासून सकाळीं आठपर्यंतचा माल हिशेबांत धरला जात नसे. पुणें, नाशिक, नागपूर येथील कित्येक घरांत संगणक रात्रभर जागा राहूं लागला तो यामुळें.

आतां एक सीडी, म्हणजे सातशें मेगाबाइट, २५६ किलोबिटच्या वेगानें उतरावयास किती वेळ लागेल? सातशें मेगाबाइटचे छपन्न लक्ष किलोबिट होतात. त्यांस २५६ नें भागिलें असतां २१,८७५ सेकंद येतात. हे झाले सहा तास आणि साडेचार मिनिटें. सवलतीची रात्र बरोबर सहा तासांची. तार एकदांही तुटली नाहीं तरी साडेचार मिनिटांचा माल बाहेर राहिलाच. म्हणून अर्धवट राहिलेली फाइल दुसऱ्या रात्रीं जेथें तुटली तेथूनच पुढें सुरूं करतां येणें, ही चैन नव्हती, गरज होती. वेबच्या १.१ आवृत्तींत तशी सोय होती, आणि क्रोएशियाचे हर्वोये निक्शिच यांच्या १९९६ सालच्या 'वीगेट' या प्रोग्रॅमासारखीं साधनेंही होतीं. मात्र त्यासाठीं सर्व्हरनें सहकार्य केलें पाहिजे.

तें सहकार्य सर्वत्र मिळत नसे. स्वित्झर्लंडमधील रॅपिडशेअर किंवा २००५ सालीं निघालेली मेगाअपलोड यांसारख्या कंपन्या कोणाचीही फाइल ठेवून घेत. परंतु पैसे न भरणाऱ्यास तिष्ठत ठेवीत, एका वेळीं एकच फाइल देत आणि तुटलेली फाइल पुन्हां पहिल्यापासून घ्यावयास लावीत. यावर भाड्याच्या खोलीचा एक नवा उपयोग निघाला. अमेरिकेंत किंवा जर्मनींत थोड्या भाड्याची जागा घ्यावी; तींत पीएचपीचा एक लहान प्रोग्रॅम बसवावा; तो प्रोग्रॅम त्या देशांतील वेगवान तारेवरून कांहीं मिनिटांत फाइल ओढून आपल्या खोलींत आणून ठेवी; आणि मग घरच्या सावकाश तारेनें ती रात्रीरात्रीं, तुकड्या-तुकड्यानें उतरवून घ्यावी. पीएचपीच्या मूळ नियमाप्रमाणें कोणत्याही कामास ३० सेकंदांचीच मुदत असे. ही मुदत वाढविण्याच्या युक्त्या भाडेकरू शोधीत आणि त्या बंद करण्याच्या युक्त्या मालक. परगांवीं राहणाऱ्या आप्तानें आपलें टपाल सोडवून ठेवावें आणि सवडीनें पाठवावें, तशी ही सोय होती.

या सोयीनें जें आणलें जाई तें सर्वच निर्मळ नव्हतें, हें सांगितलें पाहिजे. मोकळ्या परवान्याचे प्रोग्रॅम आणि अभ्यासाचीं साधनें त्यांत होतीं, तशीं दुसऱ्याच्या हक्काचीं गाणीं आणि चित्रपटही होते. कलावंताचें आणि प्रकाशकाचें नुकसान करून घातलेली वखार ही वखार नव्हे, चोरीचा मालखाना होय. मालकांनीं असे प्रोग्रॅम करारानें मना केले यांत नवल नाहीं. परंतु मालखान्यावर धाड पडते तेव्हां शेजारच्या सज्जनाचें काय होतें, हा प्रश्न लौकरच उभा राहिला.

१९ जानेवारी २०१२ रोजीं अमेरिकन सरकारनें मेगाअपलोड बंद पाडली. त्या कंपनीच्या यंत्रांवर परक्याच्या हक्काच्या मालाबरोबरच असंख्य लोकांच्या स्वतःच्या फाइलीही होत्या. आपल्याच व्यवसायाच्या चित्रफिती परत मिळाव्या म्हणून एका ग्राहकास न्यायालयांत अर्ज करावा लागला. तेव्हां आणखी एक गोष्ट उघडकीस आली. तीं यंत्रें मेगाअपलोडचीं नव्हतींच. तिनें तीं दुसऱ्या कंपन्यांकडून भाड्यानें घेतलीं होतीं. ज्याला लोक मालक समजत होते तो स्वतःच भाडेकरू होता, आणि त्याचें भाडें थकलें तेव्हां पोटभाडेकरूंचें ऐकणारें कोणी उरलें नाहीं. नेदरलँड्समधील लीजवेब या मूळ मालक कंपनीनें २०१३ सालीं आपल्याकडील अशीं ६३० यंत्रें पुसून टाकिलीं. रॅपिडशेअरही ३१ मार्च २०१५ रोजीं बंद झाली.

जप्तीवांचूनही खोल्या रिकाम्या होतात. जिओसिटीज १९९९ सालीं याहू कंपनीनें कोट्यवधि डॉलर मोजून घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्यें तिला टाळें लाविलें. पंधरा वर्षांत लाखों सामान्य माणसांनीं तेथें जें मांडलें होतें, तें एका सूचनेनें उठलें. शेवटच्या महिन्यांत 'आर्काइव्ह टीम' नांवाच्या स्वयंसेवकांच्या मंडळानें आणि इतर कांहीं मंडळींनीं मिळेल तेवढें उतरवून घेतलें. पुढील वर्षी त्या मंडळानें सुमारें ६४० गिगाबाइटचा तो संग्रह सर्वांस खुला केला. आज जिओसिटीजचें जें दिसतें तें मालकाच्या कृपेनें नव्हे, या परक्या हातांनीं केलेल्या प्रतींमुळें दिसतें.

मराठी वाचकाला हें दुःख थोडें अधिक ठाऊक आहे. देवनागरी अक्षरांना युनिकोडमध्यें १९९१ सालींच अंक मिळाले होते. परंतु घरोघरच्या संगणकांत ती सोय रुळण्यास बरींच वर्षें गेलीं. तोंपर्यंत मराठी पानें निरनिराळ्या फाँटांत लिहिलीं जात. प्रत्येक फाँटाची अक्षररचना वेगळी. आंत रोमन अक्षरांचेच अंक, वरून देवनागरी मुखवटा. पान वाचावयाचें तर आधीं त्या लेखकानें आपल्या वखारींत ठेवलेली फाँटाची फाइल उतरवून घ्यावी लागे. पुष्कळ मराठी घरांतील पहिलें डाऊनलोड गाण्याचें किंवा खेळाचें नव्हतें; तें अक्षरांचें होतें. अशी वखार बंद पडली आणि फाँटाची दुसरी प्रत कोणीं ठेवली नसली, तर पान उरूनही वाचतां येत नाहीं. कुलूप शाबूत आहे, परंतु किल्ली हरवली, अशी त्याची गत होते.

शेवटचा धडा अग्नीनें दिला. फ्रान्समधील रूबे येथें १९९९ सालीं ऑक्टाव्ह क्लाबा यांनीं काढलेली ओव्हीएच ही कंपनी अल्प भाड्यांत अख्खें यंत्र देण्याबद्दल प्रसिद्ध होती. १० मार्च २०२१ च्या रात्रीं तिच्या स्ट्रासबूर्ग येथील पांच मजली इमारतीस आग लागून ती इमारत जळून गेली. सुदैवानें जीवितहानि झाली नाहीं. परंतु सुमारें ३६ लक्ष संकेतस्थळें त्या दिवशीं बंद पडलीं. कित्येकांनीं पैसे भरून राखीव प्रत ठेविली होती, पण ती त्याच आवारांत. अशा एका ग्राहक कंपनीस लिल येथील व्यापारी न्यायालयानें २०२३ सालीं भरपाई देवविली. राखीव प्रत मूळ प्रतीपासून दूर असावयास हवी होती, हा त्या वादाचा मुख्य मुद्दा होता. घराचें खरेदीखत आणि त्याची नक्कल एकाच पेटींत ठेवूं नये, हें आपल्याकडील वडीलधारे पूर्वीपासून सांगत आले आहेत.

दरम्यान भूषण यांच्या पद्धतीनेंही निरोप घेण्यास आरंभ केला. तींत परवलीचा शब्द उघडाच तारेवरून जाई. बदललेल्या जगांत तें चालण्यासारखें नव्हतें. लिनक्सच्या गाभ्याचें अधिकृत भांडार आणि डेबियन या संस्थांनीं आपले सार्वजनिक एफ. टी. पी. दरवाजे २०१७ सालीं बंद केले. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनीं २०२१ सालीं ती सोय काढून टाकिली. वखारी मात्र बंद झाल्या नाहींत. फ्रँक कार्लिचेक यांनीं २०१० सालीं 'ओनक्लाउड' आणि २०१६ सालीं 'नेक्स्टक्लाउड' हे प्रकल्प सुरूं केले. ते पीएचपीमध्येंच लिहिलेले असल्यामुळें साध्या भाड्याच्या खोलींतही बसतात, आणि आपल्या फाइली मोठ्या कंपन्यांच्या हवालीं न करतां स्वतःच्या व्यवस्थेखालीं ठेवूं इच्छिणारे गृहस्थ आजही ते वापरतात. खोली पूर्वीइतकीच परक्याची आहे.

या पन्नास वर्षांच्या अनुभवाचें सार टोरवाल्ड्स यांनीं १९९६ सालीं थट्टेच्या सुरांत सांगितलें होतें. राखीव प्रती ठेवण्याची खटपट भित्र्यांनीं करावी. शूरानें आपलें काम एफ. टी. पी.वर मांडून मोकळें व्हावें आणि जगाला त्याच्या प्रती करूं द्याव्या, अशा आशयाचें तें बोलणें होतें. थट्टा बाजूस ठेविली तरी त्यांतील सत्य उरतेंच. फिनलंडचा तो कोपरा उद्यां नाहींसा झाला, तरी १९९१ सालची ती पहिली फाइल शेंकडों ठिकाणीं मिळेल.

महाराष्ट्राला हें सत्य संगणकाच्या कितीतरी आधींपासून परिचित आहे. ज्ञानेश्वरीची मूळ लिखित प्रत आज कोठेंही नाहीं. गांवोगांव लोकांनीं ती उतरून घेतली. उतरतांना पाठ बिघडले. आणि शके १५०६ मध्यें एकनाथांनीं अनेक प्रती ताडून ती शुद्ध केली. ताडून पाहावयास प्रती होत्या म्हणून शुद्ध करतां आली. भाड्याच्या खोलींत वखार घालणाऱ्यानें भाडें वेळेवर भरावें, करारांतील बारीक अक्षरें वाचावीं, हें तर खरेंच; परंतु त्याहून अगत्याचें म्हणजे आपल्या मालाची एक प्रत घरच्या कपाटांत आणि दुसरी परगांवच्या एखाद्या स्नेह्याकडे आजच ठेवून द्यावी. मालकाची सूचना येते तेव्हां बहुधा महिन्याभराची मुदत असते. आग सूचना देत नाहीं.